फ्लँजदीदीची खुर्ची

फ्लँजदीदी कुठल्याही बैठकीत पहिला प्रश्न एकच विचारायची, "पाइपात काय वाहून राहिलं, ते सांगा पहिले." वाफ की आम्ल, किती गरम, दाब किती, हे कळल्याशिवाय तिनं कधी धातू निवडला नाही की सांध्यात बसवायचं गास्केट. हे सगळं मीही विचारायचो. पण मी विचारलं की लोक घड्याळ बघायचे, आणि तिनं विचारलं की चहा मागवायचे.

रायपूरच्या आमच्या लहानशा डिझाइन ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मी तिच्या आधीचा. पाइपिंग विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि ती मला हवी होती, हे सरळच सांगतो. बूढापारा मोहल्ल्यातून स्कूटरवर ती रोज उशिरा यायची, तरी साहेब हसून "आइए दीदी" म्हणायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

स्टँडर्डच्या बाबतीत ती फार कडक. कोणी स्वस्तात मिळतो म्हणून वेगळ्या मानकाचा माल घुसवू लागला की म्हणायची, "एक लाइन, एकच स्टँडर्ड. खिचडी घरी बनवा, भैया."

आणि नेमकी तिथंच ती फसली. एका जुन्या कारखान्याच्या पाण्याच्या लाइनीसाठी तिनं अमेरिकी मानकाचे व्हॉल्व्ह निवडले. माल पोचला, पण बसेना. जुन्या पाइपांचे फ्लँज, म्हणजे तोंडाशी बोल्ट लावायच्या चकत्या, जुन्या ब्रिटिश मापाचे निघाले. भोकं तेवढीच, पण त्यांचं वर्तुळ जरासं लहान. पाइपात काय वाहतं हे तिनं विचारलं होतं, पाइपाला आधीपासून काय बसलंय हे पाहिलंच नव्हतं. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. खुर्ची आता आपलीच, असं मी धरून चाललो.

ती साइटवर गेली आणि मालकासमोर उभी राहून म्हणाली, "गलती मेरी है, भैया." मग एका टोकाला जुन्या मापाचा आणि दुसऱ्या टोकाला नव्या मापाचा फ्लँज असलेले आखूड तुकडे बनवून घेतले, आणि लाइन सुरू करूनच परतली. मालकानं पुढचं काम तिचं नाव घेऊन दिलं. खुर्चीही तिलाच मिळाली. माझ्या हातून असा घोळ कधीच झाला नव्हता, पण न झालेल्या घोळाचं कौतुक कोण करणार?

यंदा तिच्या नवऱ्याची रेल्वेतली बदली झाली आणि ती निघाली. टेबल आवरता आवरता म्हणाली, "साहेबाले तुझंच नाव सांगितलं मी."

"काहून?"

"काहून म्हणजे? तुझं ड्रॉइंग तपासाले घेतलं का एक चूक सापडत नव्हती. मले लई जळजळ व्हायची रे तुझ्यावर. घरी जाऊन नवऱ्याचं डोकं खात होती मी." आणि ती खळखळून हसली.

मीही हसलो. सांगावंसं वाटलं, अगं, माझंही तेच. पण मी तिची पुस्तकं खोक्यात भरायला लागलो. तिची खुर्ची आता माझी आहे. तिथं बसल्यावर कधी कधी वाटतं, हेवा करणंसुद्धा तिला माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं.