परळातलं पाणी

दुसऱ्याच्या घरात शिरताना माणूस आधी चपला काढतो, मग रामराम घालतो. अप्पा आधी रांजणात डोकावायचे. खिशातली बोटाएवढी बॅटरी काढायची, झाकण सरकवायचं, उजेड आत सोडायचा आणि वर न बघताच विचारायचं, "पाणी कवा उपसलं, बाई?"

निलंग्याच्या बाजूच्या खेड्यांत तुम्ही कधी राहिला असाल तर तुमच्याही रांजणात ते डोकावून गेले असतील, आणि तुम्ही मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या असतील. मीही घातल्यात. हिवताप विभागात डास आणि अळ्या गोळा करायचं त्यांचं काम, आणि ते नळ्यांत भरून आणतील ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं माझं. अकरा वर्षं मी त्यांच्या नळ्या बघितल्या. प्रत्येक नळीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर गाव, घर, भांडं आणि तारीख. अक्षर असं की आमच्या डॉक्टरांना त्यांच्याकडे शिकवणीला पाठवावं.

एकदा एका सहकाऱ्याच्या वडिलांच्या मयतीला आम्ही दोघं गेलो होतो. अप्पा हळूच मागच्या अंगणात गेले. घरच्यांना वाटलं, बिचारे एकटेच रडायला गेले. परत येऊन माझ्या कानाशी म्हणाले, "हौदात अळ्या हैत, ताई. आज सांगत न्हाई. परवा येतो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परवा ते खरंच गेले आणि हौद घासून आले.

"आधी उपसा, मग घासा, मग भरा." हे त्यांचं पालुपद. डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून बसतात, नुसतं वरून पाणी ओतून काही होत नाही, हे ते प्रत्येक दारात नव्यानं सांगायचे. "वरून भर घातली म्हंजी अळीला दूध पाजलं," असंही म्हणायचे. घर तपासून झालं की दाराशेजारच्या भिंतीवर खडूनं लिहायचं: तारीख, किती भांडी बघितली, कितींत अळ्या निघाल्या.

त्यांचा दुसरा नाद पाखरांचा. काही विषाणू आधी पाखरांत फिरतात, डास तिथून ते माणसात आणतो, हे कुठल्याशा प्रशिक्षणात त्यांनी ऐकलं आणि डोक्यात पक्कं बसवलं. तळ्याकाठच्या चिंचेवर बगळे किती, गावात मेलेले कावळे किती, सगळं वहीत. एकदा मेलेला बगळा थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून घेऊन आले. ऑफिसात दिवसभर हसाहशी. "अप्पा, रस्सा की सुकं?" असं मीच विचारलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "पाखरू आधी मरतंय, ताई. त्याचं कुणी ऐकत न्हाई, मग माणसाची पाळी येती."

हे वाक्य ऑफिसात कुणी मनावर घेतलं नाही. घेतलं त्यांच्या बायकोनं.

काकू शाळा न शिकलेल्या, बोलायला मोकळ्या, बोलण्यात मधूनच एखादा कानडी शब्द. एका श्रावणी सोमवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. पुरणपोळी झाली आणि त्या मला गच्चीवर घेऊन गेल्या. पाण्याच्या टाकीच्या सावलीत मातीचं मोठं पसरट परळ ठेवलेलं, भोवती चिमण्या, एक साळुंकी पंख भिजवत बसलेली.

"बारा महिने भरून ठिवते," काकू म्हणाल्या. "पाखरं मेली की ह्यांच्या जिवाला घोर लागतोय. मग म्हटलं, आपल्या हातानं निदान आपल्या गल्लीतली तरी जगवावी. कधी कोरडं पडू देत न्हाई बघा."

मी कौतुकानं मोबाईलवर फोटो काढला. काकूंनी कळशीतून परळात आणखी थोडं पाणी ओतलं. उपसलं नाही, घासलं नाही, वरून ओतलं. हे माझ्यासमोर झालं, आणि पोट भरलेलं असल्यानं मला त्यात फक्त पाखरं दिसली.

अप्पांचीही एक सवय इथं सांगायला हवी. सकाळी कामाला निघताना ते पहिला खडू स्वतःच्या घराच्या भिंतीवर ओढायचे. दर सोमवारी तारीख, भांडी पाच, अळ्या शून्य. आत जाऊन बघायचे नाहीत. ज्याच्या धाकानं सगळा तालुका रांजण घासतो त्याच्या घरात काय बघायचं? पाच भांडी म्हणजे हौद, रांजण, दोन बादल्या आणि कूलर. परळ त्यांनी कधी मोजलंच नाही. ते पाखरांचं होतं.

पाऊस ओसरला आणि गल्लीत ताप सुरू झाला. काकूंनी तीन दिवस अंगावर काढला. चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा त्यांना लातूरला नेलं. डेंग्यू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा माझ्या टेबलाशी उभे. लातूरहून पहिल्या एसटीनं येऊन, आधी घरी जाऊन आले होते. त्यांनी खिशातून नळी काढून माझ्यासमोर ठेवली.

"बघा."

"अप्पा, काकू कशा आहेत?"

"तुम्ही आधी हे बघा."

मी थेंब काचेवर घेतला. बघायला फार वेळ लागत नाही. डेंग्यूच्याच डासाच्या अळ्या, चांगल्या वाढलेल्या. "तोच आहे. कुणाचं घर?" मी विचारलं आणि मग नळी फिरवून चिठ्ठी वाचली. तेच वळणदार अक्षर. गाव, तारीख. घराच्या जागी त्यांचं स्वतःचं नाव. भांडं: परळ, गच्ची.

"ताई, डेंग्यूचा आन् पाखराचा काय संबंध?"

"काही नाही, अप्पा."

"मला ठाव हाय. तिला न्हवतं. मी घरी कवा नीट सांगितलंच न्हाई. सगळ्या जगाला सांगत फिरलो." मग खुर्चीत बसले आणि डोकं टेबलावर ठेवलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. मी अळ्या मोजत बसले.

काकू दोन दिवसांनी गेल्या. जंगमस्वामी आले, लिंगायत रीतीनं शेतात समाधी दिली. लोक येत-जात होते. त्या दिवशी अप्पा कुणाच्याही रांजणापाशी गेले नाहीत.

नवव्या दिवशी ते कामावर आले आणि सरळ साहेबांपुढे उभे राहिले. काकूंना ताप आला त्या आठवड्याचा अहवाल दुरुस्त करा म्हणाले. माझ्या घरापुढं शून्य लिहिलंय, ते खोटं आहे.

"अप्पा, अहवाल वर गेला," साहेब म्हणाले. "आता कामून उकरून काढता? तुमचंच नाव खराब होईल."

"साहेब, मी बघितलं असतं तर ती असती. मी न बघता शून्य लिव्हलं. तेवढं खरं करा."

साहेबांनी केलं नाही. वाईट माणूस नव्हता, त्याला अप्पांची दयाच आली होती. त्या संध्याकाळी अप्पांनी ऑइलपेंटचा छोटा डबा आणला आणि दाराशेजारी, खडूच्या सगळ्या शून्यांच्या खाली, काकू आजारी पडल्या त्या सोमवारची तारीख घातली. पुढं लिहिलं: भांडी सहा. अळ्या एकात.

त्यानंतर ते वर्षभर नोकरीत होते. पालुपद तेच होतं, पण दारात उभं राहून ते आता शेवटी विचारायचे, "पाखराला पाणी ठिवता का?" कुणी हो म्हटलं की स्वतः गच्चीवर चढायचे. गुडघे दुखायचे, तरी चढायचे. निवृत्त झाले आणि उदगीरला लेकीकडे गेले. घर भाड्यानं दिलं. फोन केला की तब्येतीचं काही सांगत नाहीत. "गच्चीवर कुणी चढतंय का, ताई?" एवढंच विचारतात. मी दरवेळी हो म्हणते. परवापर्यंत ते खोटं होतं.

परवा तापाच्या रुग्णांचे नमुने घ्यायला त्या गल्लीत गेले. पावसानं सगळ्या भिंतींवरचा खडू धुऊन नेला होता. अप्पांच्या दाराशेजारी ती एकच ओळ उरली होती. भाडेकरूची बायको बाहेर आली. "ताई, हे काय लिव्हलंय? दिवाळीला रंग द्यायचाय. पुसू का?"

मी विचारलं, "गच्चीवर काही ठेवलंय का?"

"परळ हाय की. पहिल्या बाईंचंच. पाखरं येतेत म्हणून भर घालते रोज."

मी चपला काढल्या आणि वर गेले. चिमण्या उडाल्या. मी आधी पाणी उपसलं. मग पदर खोचून, नारळाच्या शेंडीनं, काकूंचं परळ कडेकडेनं घासत राहिले. ती बाई मागं उभी राहून बघत होती. मला रडू आवरत नव्हतं आणि तिला वाटत होतं, परळ फारच घाण होतं.