पेटीतल्या अक्षता

सातवीतून माझी शाळा सुटली आणि मी कणकवलीकडच्या गावातून मुंबईत मरोळला मोठ्या बहिणीकडे आले. संपात भावोजींची गिरणी बंद पडली ती पडलीच. घरात बसून खाणारं आणखी एक तोंड कुणाला जड झालंय असं कुणी म्हणालं नाही, पण मला मात्र दुसरी चपाती मागायचा धीर व्हायचा नाही. चर्चच्या मागे सिस्टर लोकांचा शिवणवर्ग होता. तिथे मी शिवण शिकले, मग मशीन खोलून परत जोडायलाही शिकले. दोन वर्षांनी वर्ग चालवणाऱ्या सिस्टरनी मला पगारावर ठेवलं. तेव्हापासून हे काम जाईल की काय, ही भीती मला कायम असायची. सिस्टरनी नुसती हाक मारली तरी मी आधी काय चुकलं ते आठवायला लागायचे.

सिस्टर वसईच्या. मराठी आमच्यासारखंच बोलायच्या, फक्त आमच्यापेक्षा मोठ्यानं. त्यांच्याच संघातल्या दोघी सिस्टर युगांडातल्या एका गावात काम करत होत्या. तिथली लढाई संपून थोडाच काळ झाला होता. त्यांचं पत्र आलं की सिस्टर ते वर्गात मराठीत सांगायच्या. लोक छावण्यांमधून गावी परतले होते, घरांवर पत्रे नव्हते. शाळा मात्र सुरू होणार होती आणि मुलांच्या गणवेशांचं काम गावातल्या विधवा बायकांना मिळत होतं. अट एकच, शाळा उघडायच्या आत कपडे तयार हवेत. मशिनी आम्ही पाठवायच्या होत्या. हातानं चालवायच्या सहा मशिनी, जुन्याच, पण मी सगळ्या खोलून, घासून, तेल घालून नव्यासारख्या केल्या होत्या.

“एवढं जमतंय तर तूच जा ना तिकडे,” वर्गातली एक जण म्हणाली. “विमानात डबा देतात म्हणे.”

“हिला आरे कॉलनीची बस लागते, विमान काय घेऊन बसलीस!” दुसरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

पेट्या बंद करायच्या दिवशी नेमकी खंडेनवमी आली. वर्गातल्या मशिनींची पूजा आम्ही दरवर्षी करायचो. सिस्टर अडवत नसत. “कापडाला कुंकू लागलं तर बघा,” एवढंच म्हणायच्या. मशिनींना फुलं वाहून झाली आणि माझं लक्ष त्या सहा उघड्या पेट्यांकडे गेलं. एवढ्या लांब जाणाऱ्या मशिनी, आणि त्या तशाच कशा पाठवायच्या? मी प्रत्येकीला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, चिमूटभर अक्षता वाहिल्या. दुपारी सुतारकाका आले आणि त्यांनी झाकणं ठोकली. मला फार बरं वाटलं.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर सिस्टरनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर इंग्रजी टाइप केलेला कागद होता. “पेट्या तू भरल्यास, म्हणून सही तुझी,” त्या म्हणाल्या आणि एकेक ओळ मराठीत सांगत गेल्या. मशिनी सहा. सुया इतक्या, बॉबिन इतक्या. शेवटची ओळ अशी होती की पेट्यांत धान्य, बी-बियाणं, फूल, पान, माती यातलं काहीही नाही.

“हे कशाला लिहितात?” मी विचारलं.

“बंदरात पेट्या उघडतात गं. त्यात असलं काही सापडलं तर सगळाच माल अडकवून ठेवतात. मग महिना लागो, नाहीतर दोन.”

मी सही केली. का केली, ते आजही नीट सांगता येत नाही. पेन हातात दिलं होतं आणि सिस्टर समोर उभ्या होत्या.

चारला सुटले. बस आली, मी चढले नाही. दुसरी आली, तीही सोडली. सकाळी टेम्पो येणार होता. एकदा पेट्या गेल्या की कुणाला काही कळणार नव्हतं, तिकडच्या मोंबासा बंदरात पोचेपर्यंत तरी. पण माल बंदरात अडकला तर गावातल्या त्या विधवा बायकांचं काम हातचं गेलं असतं. मला गिरणी बंद पडल्यानंतरची आमच्या घरातली पहिली दिवाळी आठवली. मी परत फिरले.

सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, पूजेवरून बोलतील.

“पूजा केलीस, ठीक आहे. तुला माहीत नव्हतं. पण सही? सही करताना तर माहीत होतं ना?”

मी डोळे पुसले.

“रडू नकोस. सुतारांना बोलाव.”

सुतारकाका मालवणचे. “तुका याड लागला काय गो? इतके खिळे मारलंय ते काय काढूक?” असं करत करत त्यांनी सहाही झाकणं काढली. झेंडू चोळामोळा झाला होता. तांदूळ कुठे कुठे गेले होते! तेलाच्या भोकात, चाकाच्या खाली, बॉबिनच्या खोबणीत. मी ब्रशनं आणि सुईनं दाणा दाणा काढत होते आणि सिस्टर शेजारी बसून पेटीत मशिनीभोवती भरलेला लाकडाचा भुसा चाळत होत्या. एका मशिनीवर कुंकू तेलात मिसळून रंगात उतरलं होतं. रॉकेलनंही जाईना.

“राहू दे,” सिस्टर म्हणाल्या. “कुंकू म्हणजे धान्य नव्हे.”

मग त्यांनी तो कागद फाडला, दुसरा टाइप केला आणि या वेळी मला वाचायला लावला. मी अक्षर अक्षर जुळवत वाचलं. प्रत्येक ओळीला उठून पेटीत बघून आले. काकांनी तोवर दोन विड्या ओढल्या. मग मी सही केली.

मशिनी वेळेत पोचल्या आणि शाळा उघडायच्या आत गणवेश तयार झाले, तसं पत्र आलं. नंतरही दोनदा पेट्या पाठवल्या, सही माझीच असायची. सिस्टर मला काढणार नाहीत हे पटायला मला वर्ष लागलं. झाकण ठोकण्याआधी प्रत्येक पेटीत स्वतः हात घालून बघणं मात्र त्यांनी कधी सोडलं नाही, आणि त्या बघत असताना मी बाजूला उभी राहायचे.