लेकीचा साप

लेक देशाच्या दुसऱ्या टोकाला, मास्ट्रिख्टला शिकायला गेली आणि तिचा साप आमच्याकडे आल्मेरेला राहिला. तिच्या खोलीच्या करारात प्राणी पाळायला मनाई होती. जाताना ती म्हणाली, "आई, तो काही मागत नाही. दोन आठवड्यांनी एक उंदीर दिला की झालं." ती माझ्याशी इंग्रजीत बोलते, मी मराठीत. इथे मात्र तिचं बोलणंही मी मराठीतच लिहिते आहे, कारण मला ते तसंच आठवतं.

साप बिनविषारी जातीचा. नारिंगी अंगावर तांबडे चट्टे, लांबी माझ्या हाताच्या दुप्पट. घरात आम्ही अंडंसुद्धा शिजवत नाही, पण मागच्या शेडमध्ये त्याच्यासाठी छोटा फ्रीझर आहे आणि त्यात गोठवलेले उंदीर. उंदीर कोमट पाण्यात ठेवायचा, चिमट्याने काचेच्या पेटीत सोडायचा, झाकण लावायचं आणि लेकीच्या खोलीबाहेर पडायचं. दोन महिने मी एवढंच केलं. त्याला हात लावायची वेळ आली नाही.

नोव्हेंबरात त्याने कात टाकली ती तुकड्यातुकड्यांनी. आधी दुधाळ झालेल्या डोळ्यांपैकी एक काळा चकचकीत झाला, दुसरा दुधाळच राहिला. लेकीला फोटो पाठवला. ती म्हणाली, डोळ्यावरची जुनी कात निघालेली नाही, प्राण्यांच्या डॉक्टरला दाखवावं लागेल. म्हणजे त्याला पेटीतून उचलून प्रवासाच्या डब्यात घालणं आलं.

मी वरून हात घातला, तोही नेमका त्या दुधाळ डोळ्याच्या बाजूने. काय झालं ते कळायच्या आत अंगठ्याच्या बुडाशी सुया टोचल्यासारखं झालं. मी हात झटकला, म्हणून टोचलेलं होतं ते ओरखडलं. साबणाने धुतलं, रक्त थांबलं, मग लेकीला फोन लावला.

"आई, वरून येणारा हात त्याला घारीसारखा वाटतो," लेक म्हणाली. "त्यात त्याला नीट दिसत नाहीये. तो चिडलेला नाही, घाबरलाय."

"मीही घाबरलेय," मी म्हटलं.

पुढचे चार दिवस झाकण सरकलं की तो मान वळवून मागे घ्यायचा आणि शेपटी खालच्या कागदावर थरथरवायचा. कोरडा, खडखड आवाज. डॉक्टरची एक वेळ मी त्यापायी रद्द केली. नवरा दारातूनच विचारायचा, "झालं का?" आणि मी झाकण परत सरकवायचे.

शनिवारी दुपारी लेकीने व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं. फोन मी पेटीशेजारी पुस्तकांना टेकवून ठेवला. नवऱ्याने झाकण काढलं आणि ते हातात धरूनच दारापाशी जाऊन उभा राहिला.

"हात धुतलेस? उंदराचा वास नको."

"धुतले."

"आता पेटीमागची साप उचलायची वाकडी काठी घे आणि त्याच्या अंगाला नुसती टेकव. जेवण नाही, हे त्याला कळू दे. आता हात बाजूने, खालून. चांगल्या डोळ्याच्या बाजूने. तळवा वर. आणि थांब."

"किती वेळ?"

"तो ठरवेल."

मी थांबले. खांदा भरून आला. त्याची जीभ माझ्या बोटांजवळ आत-बाहेर होत होती. शेपटीचा आवाज हळूहळू थांबला. मग त्याने डोकं माझ्या तळव्यावर ठेवलं आणि मनगटावर चढू लागला. अंग गार नव्हतं, कोरडं आणि जड होतं.

"मधोमध आधार दे. डोकं धरू नकोस," लेक म्हणाली. आणि त्याच आवाजात पुढे, "आई, मी तीन आठवडे कॉलेजला गेले नाहीये."

मी मान वळवली. सापाचं अंग माझ्या हातावर ताठ झालं.

"हलू नकोस," तीच म्हणाली.

मी हलले नाही. ती बोलत राहिली, माझ्याकडे न बघता, सापाकडे बघत. सकाळी उठवत नाही. जिने उतरून सायकलपर्यंत जाते आणि परत वर येते. वर्गातल्या कुणाला तिचं नाव माहीत नाही. आम्हाला पाठवलेले ते ग्रंथालयातले फोटो सप्टेंबरातले होते. बोलता बोलता ती रडू लागली आणि स्वेटरच्या बाहीने नाक पुसत राहिली. लहानपणी मी त्यावरून तिला ओरडायचे.

माझा एक हात काचेच्या पेटीत होता, दुसरा सापाच्या पोटाखाली. फोन हातात घेऊन स्पीकरचा आवाज कमी करता येत नव्हता, की तिला जवळ घेता येत नव्हतं. काही बोलायचं तर आवाज चढेल आणि तो बिथरेल, या भीतीने मी नुसतं "हं" म्हणत राहिले. नवऱ्याने झाकण भिंतीला टेकवलं आणि तिच्या रिकाम्या पलंगावर बसला.

"आता डबा जवळ घे," बऱ्याच वेळाने ती म्हणाली. "हात डब्यात टेकव. तो आपणहून उतरेल."

तो उतरला. मी झाकण लावलं, खटके बंद केले आणि फोन उचलला.

"आम्ही उद्या येतो," मी म्हटलं.

"नको."

"मग तू ये."

"आत्ता नको, आई. प्लीज." आणि तिने फोन ठेवला.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी बारीक दिव्याने डोळा पाहिला. ओढून काढलं तर डोळा जाईल, म्हणाल्या. पेटीत ओलं शेवाळ ठेवा, पुढची कात टाकेपर्यंत वाट बघा. "औषध काही?" मी दोनदा विचारलं. काही नव्हतं. माझ्या पर्समध्ये प्रिस्क्रिप्शनही आलं नाही.

लेक तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेली. त्यांनी समुपदेशकाकडे पाठवलं, तिथे मोठी प्रतीक्षायादी. मी रोज फोन करायचे, ती कधी घ्यायची, कधी नाही. घेतला की मी जेवलीस का विचारायचे, आणि ठेवल्यावर स्वतःवरच चिडायचे, की हिला विचारायला माझ्याकडे एवढंच आहे.

जानेवारीत सापाने अखंड कात टाकली. डोळा स्वच्छ झाला. तिला फोटो पाठवला, संध्याकाळी उत्तर आलं, एक लाल बदाम. त्यानंतरच्या आठवड्यात ती चार दिवस घरी आली. बहुतेक वेळ झोपली. एकदा सापाला मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती, तेव्हा मी दारातून बघून मागे फिरले. सत्र सोडायचं की नाही ते तिने ठरवलेलं नव्हतं आणि तिच्या बाबांनी दोनदा विचारल्यावर तिने जेवणाच्या टेबलावरून ताट उचललं होतं.

रविवारी स्टेशनवर सोडायला मी एकटीच गेले. "पुढच्या शनिवारी येशील?" मी विचारलं.

"बघू."

दारं बंद झाली. काचेआडून तिने हात हलवला, मग फोनमध्ये बघायला लागली. गाडी निघून गेल्यावरही मी फलाटावर उभी होते. ती वर्गात जाते की नाही, हे मला आजही नक्की ठाऊक नाही.