आक्काची काचेची नळी

दुष्काळाच्या त्या साली गावात ज्याच्या त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या, आणि आमची धाकटी सुमी तेवढी गुबगुबीत होत चालली होती. आक्काला त्याचा अभिमान. आक्का म्हणजे माझी आई. सारा गाव आक्का म्हणायचा म्हणून आम्हीही. दुष्काळी कामावर खायला मिळालेली सुकडी, पिठागुळाचा तो कोरडा खाऊ, ती स्वतः न खाता पदरात बांधून आणायची. "पोरीच्या अंगी लागतंय," म्हणायची.

खडी फोडताना बायका टोमणे मारायच्या. "आक्के, धान्याचं पेव कुठं हाय गं तुझं?"

हातोडा न थांबवता आक्का म्हणायची, "सुमीच्या पोटात. ये, उघडून बघ."

मग एके सकाळी सुमीचे डोळे सुजून उघडेनात. नडगीवर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. मी तेव्हा संगमनेरला बी.एस्सी. करत होतो, आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. निरोप मिळताच आलो आणि दोघींना एसटीने नगरला नेलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सुमीची लघवी काचेच्या नळीत उकळली. ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली. रक्तातलं प्रथिन मूत्रपिंडातून वाहून जात होतं, म्हणून अंगात पाणी साठत होतं.

"गाळणी फाटली का?" आक्काने विचारलं.

"फाटली नाही. प्रथिनावर ऋण विद्युतभार असतो आणि गाळणीच्या भिंतीवरही ऋणच. सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून ते रक्तात राहतं. हिच्या भिंतीवरचा भार गेला असावा, असं हल्ली म्हणायला लागलेत."

मी समजावायला तोंड उघडलं, तर आक्काच म्हणाली, "म्हंजी मी आन माझी थोरली जाऊ. ती दारात बसली की मी त्या दारानं जात न्हाई. ती उठली की खुशाल जाते. दार तेवढंच असतंय."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि चिठ्ठीवर गोळ्या लिहू लागल्या. आक्का हसली नाही. "गोळ्यांनी ती परत बसंल का, तेवढं सांगा."

"बसेल बहुतेक. सगळ्यांचीच बसते असं नाही."

एक नळी त्यांनी घरी दिली. मी कॉलेज बुडवून घरीच राहिलो. रोज सकाळी आक्का ती सांडशीत धरून चुलीवर उकळायची. त्या वेळी कुणी बोललेलं तिला खपत नसे. रोज पांढरं. सुमीचं पोट ढोलासारखं झालं, श्वास लागायला लागला. शेजारणीने देवऋषाचं नाव काढलं, तर आक्का म्हणाली, "त्याला हिचं मूत उकळता येतंय का, इचारून ये." पण शेजारीण गेल्यावर नळी हातात धरून ती चुलीपाशी नुसतीच बसून राहिली. "लई झालं रे," एवढंच म्हणाली. तिच्या तोंडून असं मी पहिल्यांदाच ऐकलं.

गोळ्या मात्र तिने एकदाही चुकवल्या नाहीत. आणि एका सकाळी उकळलेली नळी पाण्यासारखी नितळ राहिली. आक्काने ती पुन्हा उकळली, मग माझ्यापुढे धरली. "तू शिकलेला हायेस. तू बघ."

पुढेही सूज दोनदा उलटली, आणि दोन्ही वेळा आक्कानेच ती नळीत आधी ओळखली. आज आक्का नाही. सुमी मॅट्रिक झाली, नर्सिंग शिकली, आणि राहुरीला नोकरी करते.