पांडवलेणीच्या पायऱ्या आणि आमच्या बाई

आमच्या इतिहासाच्या बाई पांडवलेणी अशी शिकवायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई तिथंच लहानाच्या मोठ्या झाल्या. प्रत्यक्षात त्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती. पोलिओनं डावा पाय गेलेला. कॅलिपर, कुबडी आणि डोंगराच्या त्या पायऱ्या, जमायचं कसं?

नव्वदच्या दशकात आमच्या शाळेची सहल दरवर्षी तिकडेच जायची. बाई पायथ्याशी चहाच्या टपरीवर बसायच्या आणि बजावायच्या, "नुसते हुंदडून येऊ नका. काय पाहिलं ते खाली येऊन मला सांगायचं." मग एकेकाची उलटतपासणी. खांबावर काय कोरलंय, भिंतीला कुठं ओल आलीय, सगळं. एकदा मी बेधडक थाप मारली. बाई हसल्या, "गधड्या, तिथं उंट कुठला? तुझ्यापेक्षा जास्त वेळा मी वर जाऊन आलेय."

कुणी कीव केली की मात्र उसळायच्या. "माझ्या पायाचं काय घेऊन बसलात? पायऱ्या करणाऱ्याला विचारा की! देव, सरकारी कचेऱ्या आणि माझे नातेवाईक, सगळे मेले वरच्या मजल्यावर!"

एकच गोष्ट त्या हळू आवाजात सांगायच्या. तिथल्या एका लेण्यात एका राणीनं आपल्या गेलेल्या मुलाचा पराक्रम कोरून घेतलाय. "तेवढा लेख एकदा डोळ्यांनी बघायचाय रे."

बाई निवृत्त झाल्यावर आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं, बाईंना वर न्यायचंच. मी तेव्हा सातपूरला फॅब्रिकेशनच्या कामावर होतो. एका खुर्चीला दोन्ही बाजूंनी पाइप वेल्ड करून डोलीसारखं केलं. सटाण्याला कांद्याचा व्यापार करणारा आमचा शांताराम खांदा देत म्हणाला, "बाई, गोणीपेक्षा हलक्या हो तुम्ही!"

"मधेच टेकवू नकोस म्हणजे झालं," बाई म्हणाल्या. त्या दिवशी त्या ठेवणीतली साडी नेसल्या होत्या.

इथवर सगळं ठीक. पण चार माणसं जमली की सत्काराशिवाय आपल्याला करमतं का? वर पोचताच सतरंजी अंथरली. शाल, श्रीफळ, हार. प्रमुख पाहुणे तासभर उशिरा आले. मग भाषणं, आणि त्यात सगळ्यांत लांबलं ते माझं. बाईंच्या जिद्दीवर असा काही बोललो की टाळ्या थांबेनात. बाई मधेच म्हणाल्या, "अरे, आधी तो लेख दाखवा, मग बोला हवं तेवढं."

"बाई, पाचच मिनिटं," मी म्हणालो.

कसली पाच मिनिटं! रखवालदारानं शिट्टी मारली, लेणी बंद करायची वेळ झाली होती. आम्ही हातापाया पडलो, तो ऐकेना. लेख तिथून जेमतेम शंभर पावलांवर होता.

उतरताना बाई डोलीतून मागे वळून लेण्यांकडे बघत होत्या. मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात पुन्हा येऊ बाई, नक्की."

"येऊ की," त्या म्हणाल्या.

कुठलं काय! कधी शांतारामचा हंगाम, कधी माझा ओव्हरटाइम. कारणं काय, हवी तेवढी सापडतात. दोन वर्षं अशीच गेली आणि बाईंनी अंथरूण धरलं.

भेटायला गेलो, तेव्हा शरमेनं त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी चार बोल लावले असते तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी माझा हात हातात घेतला आणि अगदी मनापासून म्हणाल्या, "त्या दिवशी तू बोललास मात्र फार छान हं."

पंधरा दिवसांनी बाई गेल्या. त्यानंतर मला भाषणाला पुष्कळ बोलावणी आली. मी कुठंही उभा राहिलेलो नाही.