वहिनीच्या हाताला न चढलेल्या बांगड्या

बांगड्या भरताना काच फुटल्याचा बारीक आवाज आला, की मला उंब्रजच्या आमच्या सोप्यात बसलेली वहिनी दिसते. लढाईचा काळ होता, दादा पलटणीबरोबर दूर गेला होता आणि इकडे वहिनी नुसती फुगत चालली होती. चेहरा सुजलेला, गळ्याजवळचे खळगे भरून आलेले, आवाज घोगरा. चैत्राच्या उन्हातही ती घोंगडं पांघरून बसायची. जेवायला माझ्या शेजारी असायची आणि अर्ध्या भाकरीवर उठायची. त्या दिवशी कासाराने तिच्या हाताला तेल चोळलं, तरी बांगड्या चढेनात, दोन फुटल्या. सवाष्णीच्या बांगड्या फुटल्या असं म्हणू नये, म्हणून कासार घाईघाईने आईला म्हणाला, "वाढल्या म्हना, आक्का." आई कडाडली, "पोरगं तिकडं लढाईवर, आन् ही हितं चोरून खाऊन बांगड्या फोडतीया!" मी म्हणाले, "आगं, ती खातच न्हाई." "तू गप." त्या दिवसापासून वहिनीच्या ताटात चतकोर भाकरी पडू लागली. तरीही ती फुगतच गेली आणि थंडीत एका सकाळी उठलीच नाही. दादा धडधाकट परत आला, म्हणजे तो अपशकुनही खोटाच. आता माझीही थायरॉइडची ग्रंथी मंदावलीय; डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यात कमी खाल्लं तरी अंग सुजतं, वजन वाढतं. रोज सकाळी मी एक बारीकशी गोळी घेते, थोड्या वेळाने अख्खी भाकरी खाते, आणि माझ्या ताटाकडे कुणी बघत नाही.