एक, तीन, चार, दोन

जमिनीचे पैसे आले त्या वर्षी आमच्या भावकीत कुणी बंगला बांधला, कुणी डंपर घेतले. मी एक जुना लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, घेतला. तळोज्याच्या कारखान्यात तीस वर्षं टर्नरचं काम केल्यावर मी लोखंडाला हात लावणार नाही, अशी सगळ्यांची समजूत होती. माझा थोरला भाऊ, दादा, चारचौघांत म्हणाला, "जेलातून सुटल्याव कोन घरात जेल बांधतो काय रे?" लोक हसले. मला राग आला, आणि राग आला की मी कामाला लागतो.

लेथ मी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत बसवला. पनवेलात रस्त्याला लागून असलेली खोली म्हणजे दुभती म्हैस, आणि ती आम्हा दोघा भावांच्या नावावर. तिथे बसून मी जुन्या मोटारींची इंजिनं बनवतो. आकाराने लहान, पण पेट्रोलवर खरोखर चालणारी. काही मोडकी इंजिनं हौशी लोकांकडून आणून मी दुरुस्तही केली आहेत. कपाटात अकरा इंजिनं आहेत आणि अकराही चालतात. दादा त्यांना खेळणी म्हणतो.

बारावं मात्र चार सिलिंडरचं करायचं ठरवलं. जवळच्या नेरे गावात एका फार्महाउसवर पत्र्याच्या शेडमध्ये एक फार जुनी विलायती मोटार पडून होती. तिचं इंजिन बाहेर काढून फळ्यांवर ठेवलेलं. मालक भला माणूस, म्हणाला, "मापं घ्या, फक्त काही नेऊ नका." एका पावसाळ्याआधीचे सगळे रविवार मी तिथे गेलो. गंज खरवडून एकेक भाग मोजला, वहीत उतरवला, आणि घरी येऊन पाव आकारात कापला. पिस्टन माझ्या अंगठ्याएवढे. ठिणगीच्या वायरी तेवढ्या उंदरांनी खाल्ल्या होत्या, म्हणून ठिणगीचा क्रम, म्हणजे चारांपैकी कुठल्या सिलिंडरला आधी आणि कुठल्याला नंतर ठिणगी द्यायची तो, मी त्या मोटारीच्या पुस्तकातून घेतला.

दोन वर्षांनी इंजिन उभं राहिलं आणि चालेना. खोकायचं, मागे फटाका फोडायचं, दोन फेरे मारून गप्प बसायचं. मी कार्बोरेटर तीनदा नव्याने केला, पेट्रोल बदललं, प्लग बदलले. घोडं कुठे पेंड खातंय ते काही कळेना.

त्यातच एक औषधांचा दुकानदार खोली भाड्याने मागत आला. दादा माझ्याकडे आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "तुजा इंजन दसऱ्याला चालला तर खोली तुजी. नाय चालला तर लेथ इक आन मोकली कर." मी तिरीमिरीत हो म्हणालो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बायको आतून सगळं ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "चाचांना बोलवा."

चाचा म्हणजे पनवेलचे जुने मोटार मिस्त्री. हायवेवर त्यांचं गॅरेज होतं, ते बंद होऊनही आता बरीच वर्षं झाली. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांनी अंधुक दिसतं. मी तरुणपणी, कारखान्याच्या नव्या नोकरीच्या मस्तीत, त्यांच्याच गॅरेजात उभा राहून म्हणालो होतो, "चाचा, अंदाजपंचे कामाचा जमाना गेला. आता मायक्रॉनमध्ये मोजतात." त्यामुळे बायकोचं बोलणं ऐकून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी महिनाभर टाळलं. दसऱ्याच्या सकाळी मात्र रिक्षा करून त्यांच्या दारात गेलो. मला लाज वाटत होती, पण लेथ जाण्याची भीती त्याहून मोठी होती.

चाचा लगेच आले. लेथला बायकोने हळद-कुंकू लावलं होतं, झेंडूचा हार घातला होता. चाचांनी हार चाचपला, मग स्टूल ओढून इंजिनासमोर बसले.

"चारी प्लग काढ," ते म्हणाले.

मी काढले. त्यांनी चार बोटं ओली केली, चार भोकांवर ठेवली आणि मला चाक हळूहळू फिरवायला सांगितलं. सिलिंडरमध्ये हवा दाबली गेली की त्या भोकावरच्या बोटाला धक्का बसत होता. त्यांनी डोळे मिटले. दोन फेऱ्यांनंतर म्हणाले, "एक, तीन, चार, दोन. तू ठिणगी कशी देतोस?"

"एक, दोन, चार, तीन. पुस्तकात तसंच आहे."

"किताब बरोबर आहे. मापं कुठून घेतलीस?"

मी नेऱ्याच्या मोटारीचं सांगितलं. चाचा हसायला लागले. इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"अरे बेटा, त्या गाडीचा कॅमशाफ्ट तुटला होता. विलायतेहून कोण आणणार? मी दुसऱ्या गाडीचा नमुना समोर ठेवला आणि महिनाभर कानस मारून नवा बनवला. ठिणगीचा क्रम त्या दुसऱ्या गाडीचा आला. म्हणून वायरी बदलल्या. चालली की मग बरीच वर्षं."

कॅमशाफ्ट म्हणजे झडपा उघडणारा दांडा; तो ज्या क्रमाने झडपा उघडतो, त्याच क्रमाने ठिणगी द्यावी लागते. मी तो दांडा मूळ मोटारीचाच समजून शंभर वेळा मोजला होता. त्यांच्या कानशीने जिथे जरासं जास्त खाल्लं होतं, ते खाल्लेलंही मी इमानदारीत उतरवलं होतं. एकदा साधं बोट लावून बघावं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला स्वतःची चीड आली, आणि त्याच वेळी छाती फुगली. चाचांचा हात मी इतका हुबेहूब उतरवला होता की त्यांच्या बोटांनी तो ओळखला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्लगच्या वायरींची अदलाबदल करायला अर्धं मिनिट लागलं. तेवढ्यात दारात दादा आला, सोबत औषधवाला. औषधवाला जागा न्याहाळत कपाटं कुठे बसतील ते बोटाने दाखवू लागला. दादा हाराकडे बघून म्हणाला, "पूजा झाली ना? मग आता गिऱ्हाईक बघू."

मी चाकाला दोरी गुंडाळली आणि ओढली. काहीच झालं नाही. दादाने औषधवाल्याकडे पाहिलं. मी पुन्हा दोरी गुंडाळली. ओढली आणि इंजिन लागलं.

चारही सिलिंडर बोलायला लागले. ना खोकला, ना फटाका. शिलाई मशीनसारखा एकसारखा आवाज, निळसर धूर, आणि टेबलावर ठेवलेल्या चहाच्या कपात बारीक बारीक गोल लहरी. मी इंजिन मंद केलं, वाढवलं, पुन्हा मंद केलं. ते माझं सगळं ऐकत होतं. मी मोठ्याने हसलो. बायको आतून धावत आली आणि तिने टाळ्या वाजवल्या. चाचांनी कान जवळ नेला आणि म्हणाले, "माशाल्ला. अस्सल वाजतंय."

दादाला ऐकवायला मी दोन वर्षं मनात भाषण रचत होतो. त्यात डंपर होते, बंगले होते, जेलही होतं. पण दादा माझ्याकडे बघतच नव्हता. तो वाकून त्या चाकाकडे बघत होता. धूर त्याच्या तोंडावर जात होता तरी हलला नाही.

औषधवाल्याने घसा खाकरला. "शेठ, मग कधीपासून धरायचं?"

दादा मान न उचलता म्हणाला, "दुसरीकडं बघा. ही जागा मोकली नाय."

"पण तुम्हीच म्हणाला होतात ना, इथे खेळणी ठेवलीत म्हणून?"

"खेलनी नाय," दादा म्हणाला. "हितं माज्या भावाचा कारखाना हाय."

ते भाषण मी केलं नाही. मी इंजिन बंद केलं, चाकाची दोरी दादाच्या हातात दिली आणि म्हणालो, "आता तू ओढ."